आईला स्वतःबद्दल काय वाटतं आणि लहान मुलाच्या घराचं त्याने काय होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा अडीच वर्षांचा, आई आधी नोकरी करायच्या, आता पूर्ण वेळ घरी. त्या लिहितात, "मला स्वतःबद्दल काहीच चांगलं वाटत नाही. दिवसातून दहा वेळा ओरडते, मग बाथरूममध्ये जाऊन रडते. बाकीच्या आयांना जमतं ते मलाच का जमत नाही? कुठेतरी वाचलं की आईचा सेल्फ-एस्टीम कमी असेल तर मुलाला घरात चांगलं वातावरण मिळत नाही. मी त्याचं नुकसान करतेय का? तो सारखा विचारतो, आई तू रागावलीस? त्याला प्लेस्कूलमध्ये घातलं तर तेवढा वेळ तरी माझ्यापासून लांब राहील, घालू का?"

ताई, उत्तर आधी देऊन टाकते, कारण एवढं मोठं तुम्ही बहुतेक मुलगा झोपलेला असताना वाचणार आणि तो कधीही उठेल. संबंध आहे, खरा आहे, पण तुम्ही समजताय तसा नाही. तुम्हाला स्वतःबद्दल वाईट वाटतं म्हणून ते हवेतून मुलाच्या अंगात शिरत नाही. ते एका ठरावीक वाटेने जातं, आणि ती वाट म्हणजे मूल जे काही करतं त्याचा तुम्ही अर्थ काय लावता. ही वाट एकदा दिसायला लागली की बरंचसं काम होतं, त्यासाठी आधी स्वतःवर प्रेम करायला शिका वगैरे काही अट नाही.

मी बावीस वर्षं लहान मुलं आणि त्यांच्या पालकांबरोबर काम करतेय, सुरुवातीची बरीच वर्षं होम व्हिजिटमध्ये गेली, म्हणजे लोकांच्या घरी जायचं, कोपऱ्यात तासभर बसायचं आणि बघायचं. त्यामुळे पुढचं सगळं त्या कोपऱ्यातून बघितलेलं आहे असं धरून चला.

आधी शब्दाचा घोळ. स्वाभिमान म्हटलं की आपल्याला ताठ मानेचा, कुणापुढे न वाकणारा माणूस आठवतो, आत्मविश्वास म्हटलं की चारचौघांत बोलता येणं, आणि आत्मसन्मान तर फक्त भाषणात ऐकू येतो. सेल्फ-एस्टीम म्हणजे यातलं काहीच नाही. आपण एकूण माणूस म्हणून ठीक आहोत की नाही याबद्दल आत जे मत बसलेलं असतं ना, ते. मॉरिस रोझेनबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये त्यासाठी दहा वाक्यांची प्रश्नावली केली, पाच वाक्यं सरळ, पाच उलटी, आणि इतक्या वर्षांनंतरही जगभर तीच चालते. पण खरं सांगायचं तर मला ती क्वचितच काढावी लागते. आया स्वतःच सांगतात. "माझं मेलीचं काहीच धड नाही." "दुसऱ्या कुणाच्या पोटी असता तर शहाणा झाला असता." तुमचं ते "मलाच का जमत नाही" हे त्यातलंच, त्यातला "च" बघा, सगळं त्या "च" मध्ये आहे.

आणि हे कामातल्या हुशारीपेक्षा वेगळं असतं. ऑफिसात पंधरा माणसांची टीम चालवणाऱ्या बाया माझ्यासमोर बसून ढसाढसा रडल्यात की दोन वर्षांच्या पोरीला बूट घालता येत नाहीत मला. ऑफिसात काम केलं की कुणीतरी सांगतं हे झालं, हे चांगलं झालं. घरी अडीच वर्षांचा बॉस, तो काय अप्रेझल देणार!

आता घरातलं वातावरण म्हणजे काय, कारण हाही शब्द आपण फार मोघम वापरतो. वातावरण म्हणजे घर मोठं, खेळणी भरपूर, कुणी भांडत नाही, असं नाही. बेटी काल्डवेल आणि रॉबर्ट ब्रॅडली या अमेरिकन संशोधकांनी हे मोजायची एक पद्धत केली, होम इन्व्हेंटरी म्हणतात तिला, सुरुवात १९६० च्या दशकातली. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी त्यात ४५ मुद्दे आहेत, सहा गटांत. बघणाऱ्याने मूल जागं असताना घरी जायचं, गप्पा मारायच्या, बघायचं, आणि हो किंवा नाही अशी खूण करायची. मुद्दे ऐकलेत तर हसू येईल इतके साधे आहेत. मूल काही आवाज करतं किंवा बोलतं तेव्हा आई बोलून प्रतिसाद देते का. भेटीच्या वेळात तिने आपणहून मुलाचं दोनदा तरी कौतुक केलं का. गेल्या आठवड्यात मारायची वेळ एकाहून जास्तदा आली का. मूल आठवड्यातून चारदा तरी घराबाहेर पडतं का. वडील रोज मुलाचं काहीतरी करतात का. हो, वडीलही आहेत त्यात, त्यावर येते नंतर.

आता यात आईला स्वतःबद्दल काय वाटतं हा मुद्दा कुठेही नाही. तरी इतकी घरं बघून मी सांगू शकते की ते यातल्या बहुतेक ओळींतून डोकावतं. कसं, ते एका घरातलं सांगते.

मुलगी सव्वादोन वर्षांची. मी जमिनीवर बसलेय, फॉर्म मांडीवर, आईने ठोकळ्यांचा डबा काढलाय. आई म्हणते, मावशींना दाखव बरं, लाल कुठला? मुलगी निळा उचलते. आई माझ्याकडे बघून हसते, ते हसणं तुम्हाला माहीत असेल, ओशाळं, आणि म्हणते, घरी बरोबर सांगते हो. मग मुलीच्या हातातला निळा काढून घेते, लाल हातात देते, हा बघ, हा लाल, दे मावशींना. मुलगी लाल टाकते, परत निळा घेते, आणि तो स्वतःच्या डोक्यावर ठेवून, मान अजिबात न हलवता, आईकडे बघत हळूच हसते. टोपी! सव्वादोन वर्षांच्या मुलीने केलेला चक्क एक विनोद होता तो. आणि आईला तो दिसलाच नाही, कारण आई माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, मी फॉर्मवर काय लिहितेय ते. मुलगी दोन-तीन सेकंद थांबली, मग ठोकळा खाली काढून ठेवला आणि खिडकीकडे निघून गेली.

ती आई वाईट होती का? छे. ओरडली नाही, मारलं नाही, उलट सगळा वेळ मुलीलाच दिला. पण तिच्यासाठी त्या खोलीत परीक्षा चालू होती, पेपर तिचा आणि उत्तरं मुलीने द्यायची. मूल म्हणजे आईचं प्रगतिपुस्तक. ज्या आईच्या आत आपण ठीक नाही असं पक्कं बसलेलं असतं ती मुलाच्या प्रत्येक गोष्टीकडे निकाल म्हणून बघते, जेवला म्हणजे पास, नाही जेवला म्हणजे नापास, शेजारचा बोलायला लागला आणि आपला नाही म्हणजे तर संपलंच. आणि निकालाकडे डोळे लागले की समोर बसलेलं पोर दिसत नाही.

तुमच्या ओरडण्याचंही हेच असणार असा माझा अंदाज आहे. म्हणजे बघा, मुलाने पाण्याचा पेला पाडला. पाणी तेवढंच, फरशी तीच. ज्या दिवशी तुम्ही बऱ्या असता त्या दिवशी डोक्यात येतं, अरे, मोठा पेला दिला होता, हात पुरत नाहीत त्याचे. आणि ज्या दिवशी सकाळपासून कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं त्या दिवशी डोक्यात येतं, मुद्दाम करतोय, मला जुमानतच नाही, कुणीच जुमानत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही ओरडता ते पेल्यावर नाही. अडीच वर्षांच्या मुलाचा मेंदू अजून हात आवरायला शिकतोय, नको म्हटलेलं कळतं पण त्या क्षणी थांबता येत नाही, यात तुमचा अपमान करण्याइतकी अक्कल त्याला कुठून असणार? पण त्या क्षणी आपल्याला अपमानच दिसतो, हेही खरं.

एक गैरसमज मात्र काढून टाका की सेल्फ-एस्टीम कमी म्हणजे आई चिडकीच असणार. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तरी आया ओरडत नाहीत, त्या उलट्या टोकाला असतात. एक आई तीन वर्षांच्या मुलाला विचारायची, "मी आंघोळीला जाऊ का?" तो नाही म्हणायचा, ती थांबायची. नाही म्हणायची तिची हिंमतच नव्हती, कारण पोराने तोंड फिरवलं तर आपल्याला कोण उरलं, असं तिला वाटायचं, हे तिने सहाव्या भेटीत सांगितलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं किती लाड करते, पण मुलाची अवस्था बघा, घरात मोठं कुणी नाहीच, सगळं माझ्यावर, आणि तो पोरगा दिवसभर सैरभैर असायचा. मग आठवडाभर सहन करून एके दिवशी भडका, भडक्यानंतर गिल्ट, गिल्टनंतर नवीन खेळणं. नियम काय आहे हे त्या मुलाला कधी कळायचंच नाही, कारण नियम आईच्या मूडवर होता.

खेळण्यांवरून आठवलं. मला एक खूण कळायला लागलीय, कपाटावर वरच्या फळीवर न उघडलेली खेळणी, पझल, चिकटपट्टीसकट. "अजून खेळायचं कळत नाही त्याला." बहुतेकदा कळत नसतं ते आईला, आणि आपल्याला नीट खेळवता येत नाही हे उघडं पडेल म्हणून ते खोकं वरच राहतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये याला एक नाव दिलं, सेल्फ-एफिकसी, म्हणजे हे काम माझ्याकडून होईल असं वाटणं. ते वाटत नसेल तर माणूस प्रयत्न लवकर सोडतो. गोष्ट सांगायला घेतली, मूल दुसऱ्या पानावर उठून गेलं, एक आई त्याला हाक मारून पुढचं चित्र दाखवते, दुसरी पुस्तक मिटते आणि म्हणते याला आवडतच नाही. महिनाभराने दोन्ही घरांत फरक पडलेला असतो आणि दोघींनाही वाटतं मुलाचा स्वभावच तसा.

बाहेर जाणं कमी होतं हे तर पटकन होतं. लोकांत मूल रडलं की लोक बघतात, बघतात म्हणजे मलाच बघतात, त्यापेक्षा नकोच. मग घराच्या चार भिंती, मोबाईल, आणि मोबाईलवर दुसऱ्या आयांचे हसरे व्हिडिओ. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

मुलाला यातलं किती कळतं? तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमीही आणि जास्तही. दीड वर्षाच्या आसपास मुलं आरशातलं पोर म्हणजे आपणच हे ओळखायला लागतात, दोन वर्षांपर्यंत बहुतेकांना ते जमतं, म्हणजे "मी" नावाचं प्रकरण तुमच्या मुलाच्या डोक्यात आत्ता आत्ता सुरू झालंय. पण तुमचा चेहरा वाचणं त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. १९८५ चा एक गाजलेला प्रयोग आहे. जाड काचेचं टेबल, अर्ध्या भागात काचेखाली लगेच पृष्ठभाग, अर्ध्यात खाली उतार असल्यासारखं दिसतं, धोका आहे की नाही असा संभ्रम पडावा इतपतच. वर्षाची बाळं रांगत तिथपर्यंत आली की थांबायची आणि समोर उभ्या आईच्या तोंडाकडे बघायची. आईने हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळं पार गेली, घाबरलेला चेहरा ठेवला तेव्हा १७ पैकी एकही नाही. आई एक शब्द बोलली नव्हती. तर हे जग सुरक्षित आहे का हे मूल आधी आईच्या चेहऱ्यावर बघतं, आणि नंतर मी कसा आहे हेही तिथेच बघायला लागतं.

मी माणूस म्हणून कसा, असं शब्दांत सांगणं मुलांना सात-आठ वर्षांपर्यंत येत नाही, त्याआधी ते वागण्यात दिसतं. चार वर्षांचा एक मुलगा माझ्यासमोर खडूंचा डबा उघडायच्या आधीच म्हणाला, "तूच काढ, माझं घाण येतं." त्याला घरी कुणी कधी असं म्हटलं नव्हतं, मी खोदून विचारलं. पण आई स्वतःबद्दल दिवसभर तेच म्हणायची, माझी अक्षरं घाण, माझे केस घाण, माझं नशीबच घाण. मुलं आपलं ऐकत नाहीत अशी तक्रार असते ना, ऐकतात, आपण त्यांच्याशी बोलत नसतो तेव्हा जास्त ऐकतात.

इथवर वाचून तुमचा गिल्ट दुप्पट झाला असेल तर जरा थांबा, कारण आता उलटी बाजू. हा बाण एकाच दिशेने जात नाही. आईचं स्वतःबद्दलचं मत आणि मुलाचं घर यांचा संबंध दिसतो याचा अर्थ एक दुसऱ्याचं कारण आहे असा होत नाही. काही मुलं मुळात कठीण असतात, स्पष्टच लिहिते. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या जोडप्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, त्यात साधारण १० टक्के मुलं अशी निघाली की झोपेचं-भुकेचं वेळापत्रक नाही, नवीन काही आलं की आकांत, रडणं जोरात. असं मूल पदरात पडलं तर चांगल्या खंबीर बाईचाही आत्मविश्वास वर्षभरात खलास होतो, आणि मग लोक म्हणतात बघा, आई अशी म्हणून मूल असं. जे बेल्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये मांडलं की पालकपण तीन गोष्टींवर ठरतं, पालकाची स्वतःची मनःस्थिती, मुलाचा स्वभाव, आणि आजूबाजूचा ताण व आधार. माझा अनुभव असा की यातली तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित, आणि बदलायला पुष्कळदा सगळ्यात सोपी.

आणि हे मला जरा रागानेच लिहायचंय. सगळे विचारतात आईच्या सेल्फ-एस्टीमचं काय, पण तो रोज खाली कोण आणतं हे कुणी विचारत नाही. मुलासमोर "तुला काय कळतंय", "आई वेडी आहे तुझी" असं हसत हसत म्हणणारी माणसं घरात असतील तर मूल दोन गोष्टी शिकतं, आईचं ऐकलं नाही तरी चालतं आणि जवळच्या माणसाशी असं बोलायचं असतं. मग ते आईला जुमानत नाही, मग आई ओरडते, मग म्हणायला मोकळे की ही चिडकी आहे. तुम्ही उघड असं काही लिहिलं नाहीये, पण "घरी सगळे म्हणतात मी फार बदलले" असं एक ओझरतं वाक्य तुमच्या मूळ पत्रात आहे, त्यावरून बोलते. मुलाच्या वडिलांना हे उत्तर वाचायला द्या. वडिलांनी रोज मुलाचं काहीतरी स्वतः करणं, मदत म्हणून नाही, आपलं काम म्हणून, हे त्या ४५ मुद्द्यांत उगाच आलेलं नाही. आणि आईची चूक दाखवायचीच असेल तर मूल नसताना, त्याच्यासमोर नाही, एवढा एक नियम पाळला गेलेल्या घरात मी दोन-तीन आठवड्यांत फरक पडलेला बघितलाय.

आता तुमच्या "नुकसान करतेय का" वर. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा "स्टिल फेस" प्रयोग, १९७० च्या दशकातला, तुम्ही कदाचित व्हिडिओ बघितला असेल. आई बाळाशी छान खेळतेय, मग दोन मिनिटं चेहरा कोरा करते, बाळ हसून, हात पुढे करून, किंचाळून तिला परत आणायचा प्रयत्न करतं, शेवटी तोंड फिरवतं. तो व्हिडिओ बघून आया घाबरतात. पण त्याच माणसाच्या कामातला दुसरा भाग कुणी सांगत नाही. अगदी चांगल्या चाललेल्या जोड्यांतही आई आणि बाळ एकमेकांशी जुळलेले असतात ते जेमतेम ३० टक्के वेळ. बाकी वेळ चुकामूक, मग परत जुळणं, मग परत चुकामूक. मुलाला घडवतं ते हे परत जुळणं. त्या प्रयोगातही आई परत हसते ना शेवटी, ते आपण बघायच्या आधीच व्हिडिओ बंद करतो. डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ १९५३ मध्येच लिहून गेलेत की मुलाला परिपूर्ण आई नको, पुरेशी चांगली हवी, आणि तिचं थोडं थोडं कमी पडणं मुलाच्या वाढीसाठी लागतंच.

म्हणजे दहा वेळा ओरडणं मला फारसं धोक्याचं वाटत नाही, ओरडून झाल्यावर बाथरूमचं दार बंद होतं ते जास्त वाटतं. कारण बाहेर एक अडीच वर्षांचा माणूस उभा आहे ज्याला कळत नाहीये की हे भांडण संपलं की नाही. म्हणून तो विचारत बसतो, रागावलीस? रागावलीस? त्याला तुम्ही "नाही रे" म्हणता, चेहरा मात्र रडवेला, मग त्याला आपल्याच डोळ्यांवर विश्वास ठेवता येत नाही आणि तो परत विचारतो. खरं सांगा त्याला. "हो, मघाशी आई रागावली होती. जोरात ओरडली. तुला भीती वाटली. आता राग गेला." एवढंच, चार छोटी वाक्यं, त्याच्या उंचीला बसून. माफी मागायची तर एकदाच मागा, पाय धरल्यासारखी नको, आणि "आई वाईट आहे" हे तर अजिबातच नको, कारण मग तो तुमचे डोळे पुसत बसेल आणि ते त्याचं काम नाही. रडायचंच असेल तर दाराबाहेर सांगून जा, "आईला दोन मिनिटं हवीत, मी येते", आणि खरंच या.

बाकी काय करायचं त्यात आरशासमोर उभं राहून "मी खूप छान आहे" म्हणायचं नाही. २००९ मध्ये कॅनडातल्या जोॲन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं, तर ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळात कमी होतं त्यांना अशी वाक्यं म्हणून उलट आणखी वाईट वाटलं. साहजिक आहे, आतून कुणीतरी लगेच म्हणतं, हं, म्हणे छान.

मी आयांना एक बारीकसं काम देते. मूल काही करतं तेव्हा मनात जे येतं ना, "हा माझ्याशी असं का करतोय", त्यातलं "माझ्याशी" काढून टाकायचं. "हा असं का करतोय?" बस. भूक, झोप, कंटाळा, हात पुरत नाही, काहीतरी सापडतंच. पहिला आठवडा हे ओरडून झाल्यावर सुचतं, त्याला काही हरकत नाही, तेव्हाच करा. नंतर नंतर ते ओरडता ओरडता सुचायला लागतं, आणि मग कधीतरी आधी. एक जण म्हणाली होती, मी मधेच थांबले आणि मला हसूच आलं, तोंड उघडंच राहिलं.

दुसरं, दिवसातून दहा मिनिटं जमिनीवर बसायचं आणि काहीही शिकवायचं नाही. रंग नाही विचारायचे, आकडे नाही, प्रश्नच नाही विचारायचा. तो करतोय ते फक्त बोलून दाखवायचं, "गाडी खुर्चीखाली गेली... अडकली वाटतं." फार अवघड जातं हे, माझं मलाही सुरुवातीला जायचं, जीभ वळवळते. यातली तीन मिनिटं फोन कशाला तरी टेकवून शूट करा, आणि रात्री बघा. चुका शोधायला नाही, चुका शोधण्यात आपण पटाईत असतोच. मुलगा तुमच्याकडे वळून बघतो तो क्षण शोधा आणि तिथे व्हिडिओ थांबवा. तो चेहरा बघा त्याचा. हे मी भेटीत शेजारी बसून करते आणि किती आया तिथे गप्प होतात काय सांगू. एकीने विचारलं होतं, "हा माझ्याकडे असं बघतो?" गेली दोन वर्षं बघत होता बिचारा. एकटीने बघवत नसेल तर बहिणीला किंवा मैत्रिणीला बरोबर घ्या, पण अशी घ्या जी सल्ले देत नाही.

स्वतःचं एक तरी काम असू द्या ज्याचा मुलाशी संबंध नाही आणि जे पूर्ण होतं. घरकाम त्यात धरत नाही, ते पूर्ण होतच नाही. तुम्ही परत नोकरी करावी का यावर मी बोलणार नाही, तो तुमचा हिशोब, पण नोकरी सोडल्याने तुमचं हातातलं काम संपल्याचं समाधान गेलंय आणि त्याची जागा कशाने भरलेली नाही एवढं मला तुमच्या लिहिण्यातून दिसतं.

आता एक गोष्ट बाजूला काढून सांगते. तुम्ही लिहिलंय ते सगळं सेल्फ-एस्टीमचं असेलच असं नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस जवळजवळ रोज उदास वाटणं, मूल झोपल्यावरही झोप न येणं, आवडायचं त्यातलं काहीच न आवडणं, मी नसते तर याचं बरं झालं असतं असं वाटणं, यातलं काही असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि तो आजार आहे, स्वभाव नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगात नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, त्यात मुख्य नैराश्यच, आणि त्या वेळी लक्षात आलं नाही तर ते मूल चालायला-बोलायला लागलं तरी रेंगाळत राहतं. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी १९८७ पासून एडिनबर्ग स्केल नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारते, तुमच्या बाळंतपणाच्या वेळी कुणी विचारलं होतं का? नसेलच. आता डॉक्टरांकडे जा, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या, त्यानेही माणूस असाच गळून जातो. आणि स्वतःला किंवा मुलाला काही करावं असा विचार एकदाही आला असेल तर आज जा, घरातल्या कुणालातरी सांगून, उद्यावर नको. औषधं लागली तर घ्यायची. एकीला मी सहा महिने काउन्सेलिंग करत राहिले आणि तिला खरं तर डॉक्टरांची गरज होती, ती चूक माझी, तेव्हापासून मी हे प्रत्येक उत्तरात लिहिते.

राहिलं प्लेस्कूल. अडीच वर्षांच्या मुलाला दिवसाचे दोन-तीन तास चांगल्या ठिकाणी घालायला माझी काहीच हरकत नाही, तुम्हाला तेवढा श्वास मिळेल आणि त्याला दुसरी मुलं मिळतील. पण तुम्ही जे कारण दिलंय, "माझ्यापासून लांब राहील", त्या कारणासाठी आत्ता घालू नका. कारण पहिल्या दिवशी तो दारात रडणार, सगळीच रडतात, आणि तुम्ही घरी येईपर्यंत त्याचाही निकाल लावून मोकळ्या व्हाल, एकतर "मी त्याला टाकून आले" किंवा तो लवकर रमला तर "बघा, त्याला मी नकोच आहे". तीन आठवडे ते दहा मिनिटांचं करा, डॉक्टरांना भेटून या, मग घाला. आणि पहिल्या दिवशी सोडून निघताना, तो कितीही रडत असला तरी, त्याला न सांगता मागच्या मागे सटकू नका. कधी येणार ते त्याला कळेल असं सांगा, खाऊ खाऊन झाला की आई येणार. आणि खाऊ संपायच्या पाच मिनिटं आधीच दारात उभ्या राहा.